‘एकमेकांशी काही संबंध नाही’ म्हणजे नेमकं काय? म्युच्युअली एक्सक्लूझिव्ह आणि इंडिपेंडंट घटनांची गल्लत

एखाद्या घरातल्या दोन भावांबद्दल आपण म्हणतो, “त्यांचा आता एकमेकांशी काही संबंध नाही.” ऐकणाऱ्याला लगेच कळतं की वाद झालाय, बहुधा जमिनीवरून, आणि एक भाऊ ज्या लग्नाला जाईल तिथे दुसरा पाऊल ठेवणार नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या दोन अनोळखी माणसांबद्दलही आपण हेच म्हणतो. त्यांचाही एकमेकांशी काही संबंध नाही. आयटीच्या मुलांना संभाव्यता शिकवताना मला दरवर्षी भेटणारी गल्लत या एका वाक्यातून निघते.

भांडलेले भाऊ म्हणजे म्युच्युअली एक्सक्लूझिव्ह घटना. एक घडली की दुसरी घडूच शकत नाही. अनोळखी माणसं म्हणजे इंडिपेंडंट, म्हणजेच स्वतंत्र घटना. एक घडल्याचं कळलं तरी दुसरीबद्दलचा आपला अंदाज तसूभरही हलत नाही. आता बघा, मांडवात थोरला भाऊ दिसला की धाकट्याबद्दल तुम्हाला पक्की बातमी मिळते: तो आलेला नाही. म्हणजे ज्यांचा ‘संबंध नाही’ म्हणतो त्यांचा संबंध इतका घट्ट आहे की एकावरून दुसऱ्याचं खात्रीने सांगता येतं. अनोळखी माणसांच्या बाबतीत अशी कुठलीच बातमी मिळत नाही.

म्हणून परीक्षेत “या घटना एक्सक्लूझिव्ह आहेत, म्हणून त्या इंडिपेंडंट आहेत” असं वाक्य दिसलं की मला वाईट वाटतं, कारण खरं याच्या बरोबर उलट आहे. अ आणि ब या दोन घटना स्वतंत्र असतील, तर दोन्ही घडण्याची संभाव्यता म्हणजे दोघींच्या संभाव्यतांचा गुणाकार. त्या एक्सक्लूझिव्ह असतील, तर दोन्ही घडण्याची संभाव्यता शून्य. दोन्ही एकाच वेळी खरं असायचं तर गुणाकार शून्य यायला हवा, म्हणजे दोहोंपैकी एकीची संभाव्यता आधीच शून्य असायला हवी. थोडक्यात, घडण्याची काही तरी शक्यता असलेल्या दोन घटना एकाच वेळी एक्सक्लूझिव्ह आणि इंडिपेंडंट असूच शकत नाहीत. पुस्तकात हे दोन ओळींत उरकतं, पण सगळी गंमत तिथेच आहे.

वेन आकृती इथे थोडी दगा देते. दोन वर्तुळं एकमेकांपासून दूर काढली की एक्सक्लूझिव्ह घटना झाल्या, हे डोळ्यांना दिसतं. मग मुलं विचारतात, इंडिपेंडंट घटनांचं चित्र कसं काढायचं? तसं वेगळं चित्र नाही. वर्तुळं एकमेकांवर येतात एवढंच दिसतं, पण छेदाचा भाग नेमका गुणाकाराएवढा आहे की नाही, हे नुसत्या नजरेला कळत नाही. त्यासाठी आकडेच तपासावे लागतात.

एक फासा घ्या. अ म्हणजे सम संख्या पडणे, ब म्हणजे ४ किंवा त्याहून लहान संख्या पडणे. अ ची संभाव्यता १/२, ब ची २/३. दोन्ही एकदम घडायला २ किंवा ४ पडायला हवा, म्हणजे १/३. गुणाकारही १/३. घटना स्वतंत्र आहेत! एकाच फाशाच्या एकाच फेकीतल्या असूनही. आता ब बदलून ‘३ किंवा त्याहून लहान’ करा. दोन्ही घडायला फक्त २ उरतो, म्हणजे १/६. गुणाकार मात्र १/४. स्वातंत्र्य गेलं.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. पहिलीच जोडी ठेवा, पण फासा खोटा करा: ६ पडण्याची संभाव्यता ०.५ आणि बाकी पाच संख्यांची प्रत्येकी ०.१. आता सम पडण्याची संभाव्यता ०.७, ‘४ किंवा लहान’ची ०.४, गुणाकार ०.२८. प्रत्यक्षात २ किंवा ४ पडण्याची संभाव्यता ०.२. घटना त्याच, शब्द तेच, तरी त्या आता स्वतंत्र नाहीत. उलट ‘सम’ आणि ‘विषम’ या घटना खऱ्या फाशातही एक्सक्लूझिव्ह आणि खोट्या फाशातही एक्सक्लूझिव्ह. एक्सक्लूझिव्ह असणं नमुना अवकाशातच, म्हणजे शक्य निकालांच्या यादीतच, लिहिलेलं असतं. स्वतंत्र असणं हे संभाव्यतेचं वाटप कसं झालंय यावर ठरतं. माझ्या मते या दोन कल्पनांमधला खरा फरक हाच आहे, आणि तो वर्गात पुरेसा सांगितला जात नाही.

‘एकीमुळे दुसरी घडत नसेल तर स्वतंत्र’ अशी व्याख्याही मुलं मनाशी बांधतात. तीही टिकत नाही. दोन बिट घ्या, प्रत्येक ० किंवा १, दोन्ही समान शक्यतेचे आणि एकमेकांपासून स्वतंत्र. त्यांचा एक्सऑर काढून (दोन्ही सारखे तर ०, वेगळे तर १) तिसरा बिट बनवा. हा तिसरा बिट पहिल्यापासूनच बनलाय, तरी तो पहिल्यापासून स्वतंत्र आहे: पहिला १ आहे हे कळलं तरी तिसरा ० की १, याची शक्यता निम्मी-निम्मीच राहते. दुसऱ्यापासूनही तो तसाच स्वतंत्र. पण तिघांना एकत्र धरलंत तर ते पुरते बांधलेले आहेत. तिघेही १ येण्याची संभाव्यता गुणाकाराने १/८ यायला हवी होती, ती शून्य आहे. डिस्कची पॅरिटी, म्हणजे हरवलेली माहिती परत मिळावी म्हणून जोडून ठेवलेला जादा बिट, याच बांधिलकीवर चालते: कुठलेही दोन हातात असले की हरवलेला तिसरा परत मिळतो.

बेरीज-गुणाकाराचं थोडक्यात सांगते. ‘अ किंवा ब’साठी नुसती बेरीज चालते ती एक्सक्लूझिव्ह घटनांना, ‘अ आणि ब’साठी नुसता गुणाकार चालतो तो स्वतंत्र घटनांना. दहा डिस्क आहेत, प्रत्येक या वर्षी बिघडण्याची संभाव्यता १० टक्के. किमान एक बिघडेल याची शक्यता? बेरीज केली तर १०० टक्के येते, म्हणजे खात्रीच. हे खरं नाही, कारण दोन डिस्क एकाच वर्षी बिघडू शकतात, त्या एक्सक्लूझिव्ह नाहीत. स्वतंत्र धरल्या तर एकही न बिघडण्याची संभाव्यता ०.९ चा दहावा घात, सुमारे ०.३५. म्हणून उत्तर सुमारे ६५ टक्के.

पण त्यातलं ‘स्वतंत्र धरल्या तर’ फार महाग पडू शकतं. दोन सर्व्हर घ्या, प्रत्येक वर्षातला १ टक्का वेळ बंद असतो, म्हणजे ८७६० तासांपैकी सुमारे ८८ तास. गुणाकाराने दोन्ही एकदम बंद असण्याचा काळ वर्षाला ५३ मिनिटांच्या आसपास येतो आणि सगळे निर्धास्त होतात. आता समजा दोन्ही एकाच यूपीएसवर आहेत आणि त्या १ टक्क्यातला निम्मा वेळ लाइट जाऊन यूपीएस संपल्यामुळे आहे. मग दोन्ही एकदम बंद असण्याचा काळ किमान ४४ तास. कागदावर मिनिटं, प्रत्यक्षात जवळजवळ दोन दिवस. सर्व्हर दोन घेतले, पण एकाच तारेला लटकवले.

हाच गुणाकार एकदा एका आईवर उलटला. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क या वकील बाईंची दोन तान्ही मुलं १९९६ आणि १९९८ मध्ये दगावली. त्यांच्यावर खुनाचा खटला चालला. बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी साक्षीत सांगितलं की क्लार्क यांच्यासारख्या कुटुंबात बाळ अचानक दगावण्याची शक्यता ८५४३ मध्ये १ आहे, म्हणून दोन बाळं तशी दगावण्याची शक्यता सुमारे ७ कोटी ३० लाखांत १. म्हणजे ८५४३ गुणिले ८५४३. पण ती दोन्ही बाळं एकाच आईबापांची, एकाच घरातली. अनुवंशिकता सारखी, घर सारखं. एक बाळ असं गेलं असेल तर दुसऱ्याचा धोका तेवढाच राहतो हे कुणी दाखवलं होतं? १९९९ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने या आकड्याला संख्याशास्त्रीय आधार नसल्याचं जाहीर केलं. २००३ मध्ये त्या सुटल्या, २००७ मध्ये वारल्या. या खटल्यात आणखीही चुका होत्या, पण गुणाकाराची ही चूक बारावीच्या गणितातली आहे, आणि तिच्याबद्दल वाचताना मला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं.

तुमच्या हाती लॉग, म्हणजे सर्व्हर कधी चालू नि कधी बंद होता याची नोंद, असेल तर तपासून बघा. वरच्या दोन सर्व्हरांचे वर्षभराचे तास मोजा: पहिला किती बंद, दुसरा किती बंद, दोन्ही एकदम किती. स्वतंत्र असते तर एकदम बंद असण्याचा काळ तासाभराहून थोडा कमी भरला असता. लॉगमध्ये चाळीस तास दिसले तर कुठे तरी एकच तार आहे, ती शोधा.

आणि शून्य दिसला तर? “हे दोन्ही एकदम बंद पडूच शकत नाहीत” असं लिहून मोकळे होऊ नका. अपेक्षाच तासाभराहून कमी असताना एखाद्या वर्षी शून्य येणं अगदी साधं आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, शिकलात ना? प्रोग्रॅमचे सोबत चालणारे दोन भाग, म्हणजे दोन थ्रेड, एकाच वेळी क्रिटिकल सेक्शनमध्ये, म्हणजे कोडच्या त्या राखून ठेवलेल्या भागात, शिरू शकत नाहीत, हे आपण मोजून ठरवत नाही. तिथे कुलूप लावलेलं आहे, म्हणून शिरू शकत नाहीत. तेव्हा शून्य दिसला की आधी कोड उघडा आणि कुलूप कुठे आहे ते दाखवा.