जाहीरनामा 1863 चा, घटनादुरुस्ती 1865 ची: अमेरिकेतली गुलामगिरी नेमकी कशाने गेली?

एका आंतरशालेय प्रश्नमंजूषेत मला गुण मांडायला बसवलं होतं. प्रश्न आला, 'अमेरिकेतली गुलामगिरी कोणत्या साली रद्द झाली?' आठवीतली एक मुलगी ठामपणे म्हणाली, '1865.' सूत्रसंचालकांनी हातातल्या कार्डाकडे बघितलं, 'चूक, 1863' म्हणाले आणि गुण शेजारच्या संघाला गेला. मी हळूच म्हटलं, 'अहो, पोरगी बरोबर आहे.' त्यावर, 'जाऊ द्या ना मॅडम, नोट्समध्ये तसंच आहे.' नोट्समध्ये खरंच तसंच असतं. दर वर्षी असतं. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

1863 चा जाहीरनामा म्हणजे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकनने बंडखोर दक्षिणेतले गुलाम मुक्त झाल्याचं जाहीर करणारा कागद. त्याची गोष्ट थोडक्यात. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचं, म्हणजे संघराज्यातून फुटलेली दक्षिणेतली राज्यं आणि केंद्र यांच्यातल्या लढाईचं, दुसरं वर्ष. 1 जानेवारी 1863, व्हाइट हाउसमध्ये नववर्षाचा स्वागत समारंभ. सकाळपासून लोकांशी हस्तांदोलन करून करून लिंकनचा हात इतका अवघडला होता, की दुपारी सहीला बसल्यावर तो थरथरू लागला. त्याने लेखणी खाली ठेवली. सही कापरी दिसली तर मागाहून लोक म्हणतील, हा कचरला होता. मग हात जरा सावरल्यावर एरवीचं 'ए. लिंकन' न लिहिता त्याने पूर्ण नाव लिहिलं. प्रसंग सुंदर आहे. पाठ्यपुस्तकांचा घोळ बहुधा या सुंदरपणातूनच होतो, कारण घटनादुरुस्तीला असं चित्र नाही.

गुलामगिरी देशभर बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती सिनेटमध्ये एप्रिल 1864 ला मंजूर झाली, प्रतिनिधिगृहात जूनमध्ये आपटली, 31 जानेवारी 1865 ला तिथेच पार पडली आणि 6 डिसेंबर 1865 ला पुरेशा राज्यांची मान्यता मिळून अमलात आली. तोवर लिंकनचा खून होऊन जवळजवळ आठ महिने झाले होते.

तारखा झाल्या. त्या पाठ करणारे करोत. खरा प्रश्न वेगळाच आहे: कोणत्या अधिकारात?

आपल्याकडे हटकून होणारी चूक म्हणजे जाहीरनाम्याला 'लिंकनचा अध्यादेश' म्हणणं. हे वाचलं की माझं डोकंच फिरतं. आपला अध्यादेश म्हणजे संसदेचं अधिवेशन चालू नसताना तात्पुरता केलेला कायदाच. कलम 123 तशी मुभा देतं, आणि संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत तो मंजूर झाला नाही तर संपतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला असा अधिकारच नाही. कायदा करायचा काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, आणि गुलामगिरीच्या बाबतीत तर तेव्हाच्या समजुतीप्रमाणे काँग्रेसचेही हात बांधलेले. राज्याच्या हद्दीत माणूस माणसाचा मालक असू शकतो की नाही, हे ते राज्यच ठरवणार.

मग 1863 ची सही कशाच्या जोरावर झाली? सरसेनापती म्हणून. राष्ट्राध्यक्ष हा सैन्याचाही प्रमुख असतो आणि युद्धात शत्रूचं बळ तोडायचा त्याला अधिकार असतो. बंडखोर दक्षिणेची शेती, खंदक खणणं, रसद वाहणं, सगळं गुलामांच्या श्रमावर चाललं होतं. ते श्रमच काढून घ्यायचे. जाहीरनाम्यातच 'लष्करी गरज' हे कारण स्पष्ट लिहिलेलं आहे. थोडक्यात, हा युद्धातला हुकूम होता.

एवढं ध्यानात आलं की पुढचं कोडं आपोआप सुटतं. हुकूम लष्करी असेल तर तो शत्रूच्या मुलखापुरताच. केंटकी, मेरीलँड, मिझूरी आणि डेलावेअर ही गुलामगिरी असलेली, पण संघराज्यात राहिलेली राज्यं. त्यांना तो लागू नव्हता. टेनेसी वगळलं, न्यू ऑर्लिन्सच्या आसपासचा लुइझियानाचा भाग वगळला, व्हर्जिनियाचे काही जिल्हे वगळले, कारण तिथे आता बंड नाही असं धरलं होतं. गंमत बघा: लिंकनचा जन्म केंटकीचा. 1860 च्या जनगणनेत त्या राज्यात सव्वादोन लाख गुलाम होते. 'गुलामांच्या मुक्तिदात्या'च्या जाहीरनाम्याने त्यांच्या आयुष्यात कायद्याने तसूभरही फरक पडला नाही.

आणि हे त्याला कळत नव्हतं असं मुळीच नाही. ऑगस्ट 1861 मध्ये केंद्राच्या फौजेतल्या जनरल फ्रेमाँटने मिझूरीतल्या बंडखोरांचे गुलाम आपल्या अखत्यारीत मुक्त करून टाकले, तेव्हा लिंकननेच तो हुकूम फिरवला. ऑरव्हिल ब्राउनिंग हा त्याचा जुना स्नेही. त्याने नाराजीचं पत्र पाठवलं. त्याला 22 सप्टेंबर 1861 ला लिंकनने जे उत्तर दिलं, ते या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने आधी वाचावं. त्याचं म्हणणं असं: सेनापतीला गरज पडली तर तो शेत ताब्यात घेईल, गुलामही घेईल, गरज असेतोवर वापरील. पण गरज संपल्यावर त्यांचं कायमचं काय व्हायचं, हे त्याने ठरवायचं नाही. ते कायदे करणाऱ्यांनी ठरवायचं. एखादा सेनापती किंवा राष्ट्राध्यक्ष जाहीरनामा काढून मालमत्तेचे कायमचे नियम लावू लागला, तर याला राज्यघटनेचं सरकार म्हणायचं तरी कसं?

त्याच पत्रात केंटकी हातची गेली तर डाव गेल्यातच जमा, असंही आहे. म्हणजे तत्त्व होतं आणि हिशेबही होता. नुसता तत्त्वाचा पुतळा करणाऱ्यांचा मला कंटाळा येतो, नुसता हिशेब दाखवणाऱ्यांचा त्याहून जास्त. बरोबर एका वर्षाने, 22 सप्टेंबर 1862 ला, त्याच माणसाने जाहीरनाम्याची पूर्वसूचना काढली: शंभर दिवसांत बंड सोडा, नाहीतर तुमचे गुलाम मुक्त. त्याने भूमिका बदलली असं म्हणतात. अर्धं खरं आहे. लष्करी गरज आता त्याला पटली होती. 'कायमचं' मात्र अजूनही त्याच्या हातात नव्हतं, आणि तसं त्याने भासवलंही नाही.

आता दुसऱ्या टोकाचे शहाणे. 'जाहीरनाम्याने एकही गुलाम सुटला नाही, कागदी घोडा होता!' हे वाक्य अलीकडे फार फिरतं आणि ते साफ चूक आहे. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरची बेटं तेव्हा केंद्राच्या फौजेच्या ताब्यात होती, पण वगळलेली नव्हती. तिथे पोर्ट रॉयलला त्याच दिवशी छावणीत जाहीरनामा वाचून दाखवला गेला. तिथल्या कृष्णवर्णीय पलटणीच्या हाती निशाण आलं, तोच गर्दीतला एक म्हातारा कृष्णवर्णी, कार्यक्रमात नसताना, फाटक्या आवाजात देशाचं गाणं म्हणू लागला. दोन बायकांनी सूर धरला. व्यासपीठावरचे गोरे सामील व्हायला लागले, तर पलटणीचा प्रमुख कर्नल हिगिन्सन याने त्यांना हाताने गप्प केलं. ही माणसं त्या दिवशी खरोखर सुटली होती. पुढे फौज जसजशी सरकली तसतशी आणखी सुटत गेली. शिवाय जाहीरनाम्याने कृष्णवर्णीयांना सैन्याची दारं उघडली: युद्ध संपेतो सुमारे 1,80,000 जण लष्करात लढले.

पण युद्ध संपल्यावर? लष्करी गरजेवर उभा असलेला हुकूम गरज संपल्यावर न्यायालयात टिकेल का? ही शंका लिंकनच्या विरोधकांची नव्हे, त्याची स्वतःची. 1 फेब्रुवारी 1865 ला, दुरुस्ती प्रतिनिधिगृहात मंजूर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, व्हाइट हाउसपुढे जमलेल्या लोकांना त्याने आपल्याच जाहीरनाम्यातली भोकं मोजून दाखवली: तो कायद्याने वैध नाही असं कोणी म्हणेल, आपल्या फौजेपर्यंत पोहोचले त्यांच्यापुरताच तो आहे असं कोणी म्हणेल, पुढे जन्मणाऱ्या मुलांना लागू नाही असंही म्हणेल. दुरुस्ती मात्र सगळ्यांवर रामबाण आहे, असा त्याचा सूर होता. स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या कागदाबद्दल इतकं कोरडं बोलणारा सत्ताधारी मला तरी दुसरा आठवत नाही.

आता सगळ्यांत गमतीचा भाग. घटनादुरुस्तीत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला कामच नसतं. दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतं, मग तीनचतुर्थांश राज्यांची मान्यता. त्याची सही लागत नाही. आपल्याकडे राष्ट्रपतींची संमती लागते, म्हणून हे चटकन डोक्यात शिरत नाही. लिंकनने उत्साहात ठरावावर सही केली, तर सिनेटने ती अनावश्यक होती असं नोंदवून ठेवलं! म्हणजे सहीला अर्थ होता त्या कागदावर अधिकार तोकडा, आणि कायमचा निकाल लावणाऱ्या कागदावर सहीच फालतू. तरी लिंकन राबला तो या दुसऱ्या कागदासाठी. 1864 च्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यात दुरुस्ती घालायला लावली, निवडून आल्यावर नव्या सभागृहाची वाट न बघता जुन्याच सभागृहाला पुन्हा मतदान करायला सांगितलं, विरोधी पक्षातली मतं वळवली. 119 विरुद्ध 56. लागत होती 117.

किरकोळ घोळ भराभर. अमेरिकेत मुक्तीचा दिवस म्हणून साजरा होणारा 19 जूनचा 'जूनटीन्थ' म्हणजे गुलामगिरीचा शेवट नव्हे. 1865 च्या त्या दिवशी टेक्सासात गॅल्व्हेस्टनला फौजेने मुक्तीचा हुकूम वाचला, केंटकीत गुलाम होतेच, ते डिसेंबरात सुटले. तेराव्या दुरुस्तीत 'गुन्ह्याची शिक्षा म्हणून' सक्तीच्या श्रमाला सूट आहे, आणि दक्षिणेने ती पुढे कैदी भाड्याने देऊन पुरेपूर वापरली. केंटकीने दुरुस्तीला मान्यता दिली ती 1976 मध्ये.

जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती नीट वाचा. लोक बिनदिक्कत सांगतात की त्यांनी ती लिंकनला वाहिली. अर्पणपत्रिकेत लिंकनचं नाव नाही. ती आहे संयुक्त संस्थानांतल्या सदाचारी लोकांना.