खार किती तेज? टायट्रेशनच्या मागची गोष्ट

आमच्याकडे चैत्र लागला की पापड लाटायला घेतात आणि उडदाच्या पिठात पापडखार किती घालायचा यावरून दरवर्षी वाजतंच, आजी चिमूटभर खार जिभेवर ठेवते आणि सांगते "यंदाना खार भलता तेज शे", मग त्या हिशोबानं कमी-जास्त. बाकी मोजमाप नाही.

युरोपात कापड धुणारे आणि साबणवाले पण याच पेचात होते. त्यांचा खार म्हणजे झाडांची राख, तिच्यात मीठ-माती किती हे व्यापारी थोडीच सांगणार! मग 1756 ला स्कॉटलंडच्या फ्रान्सिस होमनं मोजून खार घेतला आणि त्यावर पातळ नायट्रिक अ‍ॅसिड चमच्या-चमच्यानं टाकत गेला, फसफस थांबली की चमचे मोजायचे, जास्त चमचे म्हणजे खार जास्त कडक. एवढंच. असं थोडं-थोडं टाकत मोजणं म्हणजेच टायट्रेशन. त्याआधी 1729 ला फ्रान्समध्ये जॉफ्रॉयनं उलट केलं होतं, व्हिनेगरमध्ये खार टाकत त्याचा आंबटपणा काढला होता. पण फसफस नक्की कधी थांबली ते डोळ्याला नीट कळत नाही, म्हणून 1767 ला विल्यम लुईसनं अमेरिकेहून येणारा पोटॅश तपासताना लिटमसचा (अ‍ॅसिडात लाल, खारात निळा होणाऱ्या रंगाचा) रंग बघितला. असा रंग बदलतो हे रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञानं शंभर वर्षं आधीच लिहून ठेवलं होतं, आणि आपल्याकडे हळदीत चुना कालवून कुंकू करणाऱ्यांना पण ते माहीतच होतं की.

1806 ला फ्रान्समधल्या रुआंच्या देक्र्वाझीलनं खार मोजायला खुणांची काचेची नळी वापरली आणि 1824 च्या सुमारास गे-ल्युसॅकनं ब्युरेट (थेंब-थेंब सोडायची खुणांची नळी), पिपेट (ठरावीक माप उचलायची नळी) ही नावं रूढ केली. टायट्रेशनमधला 'तित्र' हा शब्द मुळात सोन्या-चांदीचा कस सांगणारा फ्रेंच शब्द आहे, म्हणजे आपल्या सराफ बाजारातला कस तोच हा. खारात गुलाबी होणारं फिनॉल्फ्थॅलिन मात्र फार उशिरा आलं, बायरनं 1871 ला बनवलं आणि दर्शक म्हणून, म्हणजे रंग बदलून खूण द्यायला, 1877 पासून वापरात.

खान्देशात साबणाचं म्हणाल तर विप्रोची सुरुवात 1945 ला अमळनेरला तेलापासूनच झाली, नंतर साबण पण. साबणात कॉस्टिक सोडा, म्हणजे तेज खार, जास्त पडला तर हात सोलतात, कमी पडला तर तेल तसंच राहतं, म्हणून त्याच्या पाण्याची संहती, म्हणजे तेजपणा, माहीत पाहिजेच.

पण कॉस्टिकचं नुसतं वजन करून भागत नाही, पावसाळ्यात तर त्याचे पांढरे खडे काट्यावरच ओले होतात, शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतात. म्हणून आधी नीट तोलता येणारं ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, 6.3 ग्रॅम एक लिटरमध्ये, झालं 0.1 नॉर्मल (नॉर्मल हे संहतीचं एकक). त्यातलं 10 मिली फ्लास्कमध्ये, दोन थेंब दर्शक, आणि ब्युरेटमधून कॉस्टिक. 9.8 मिलीला फिकट गुलाबी टिकलं तर कॉस्टिक 0.102 नॉर्मल. मी पहिल्यांदा केलं तेव्हा ब्युरेटची चावी ढिली होती, एका झटक्यात सगळा फ्लास्क राणी कलर, ते रीडिंग खोडलं आणि परत 10 मिली भरलं.