जहाजाच्या तळावरचा बुळबुळीत थर निरुपद्रवी नाही

‘बार्नेकल (कवच असलेले छोटे समुद्री जीव) चिकटले की मगच तळ घासायचा; नुसता बुळबुळीत थर काही करत नाही, उलट जहाज सटकन जातं.’ बंदरात हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं. ते साफ चूक आहे.

हाताला बुळबुळीत लागणारा हा थर जिवाणू आणि सूक्ष्म शैवालांचा असतो. त्याचे तंतू वाहत्या पाण्यात सतत फडफडतात आणि तळालगतच्या पाण्यात खळबळ माजवतात. ती ऊर्जा इंजिनाच्या डिझेलमधूनच जाते. संथ चालणाऱ्या अवजड टँकरचा तर पाण्याचा बहुतांश विरोध घर्षणाचाच, जहाजाने उठवलेल्या लाटांचा वाटा थोडा.

अमेरिकी नौदल अकादमीच्या मायकल शुल्ट्झ यांनी २००७ मध्ये एका फ्रिगेटचं (मध्यम आकाराच्या युद्धनौकेचं) गणित मांडलं. १५ नॉट (ताशी सुमारे २८ किमी) वेगाला पातळ थरानेच सुमारे ११ टक्के, जाड थराने २१ टक्के जास्त शक्ती लागते. बार्नेकलचं दाट कवच चढलं की ८६ टक्के! म्हणजे बार्नेकल दिसेपर्यंत थांबणारा मालक तोवर महिनोन्‌महिने फुकट इंधन जाळत असतो.

थर कोवळा असतानाच मऊ ब्रशने काढावा. कडक ब्रशने रंगच खरवडला जातो, आणि खरखरीत झालेला तळ पुन्हा पाणी अडवतो.