गाजर गवत फुलण्याआधी

पावसाच्या दोन-चार सरी पडल्या की रस्त्याकडेला, बांधावर, गायरानात गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली पानं जमिनीला चिकटून पसरतात. गाजर गवत उपटायची खरी वेळ तीच. पण तेव्हा त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पांढऱ्या फुलांनी रस्ता भरला की मग विळे निघतात, आणि तोवर पुढच्या वर्षाचं बी तयार होत आलेलं असतं.

मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं हे तण भारतात पसरू लागल्याचं १९५५ मध्ये पुण्यात लक्षात आलं. आज ते देशभर आहे. उगवल्यापासून साधारण महिनाभरात ते फुलतं आणि एकेक झाड हजारो बिया टाकतं. वाऱ्याबरोबर, पाण्याबरोबर, गाड्यांच्या चाकांना लागलेल्या चिखलातून बी पुढे सरकतं. रस्त्यासाठी आणलेल्या मुरमातूनही ते येतं, म्हणून नवा भराव पडला की त्याच पावसाळ्यात तिथे फेरी मारावी.

वरवर कापणी करून काम झालं असं वाटतं, पण बुडख्यातून फुटवे येतात आणि बुटकं झाड पुन्हा फुलतं. जमीन ओली असताना मुळासकट उपटणं हाच उपाय. मात्र हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. पानाखोडावरच्या बारीक लवेत पार्थेनिन नावाचं रसायन असतं. त्याने अंगाला खाज सुटते, काहींची कातडी कायमची चिघळत राहते. शेजारच्या पिकाची उगवणही त्यानेच मंदावते. फुलोऱ्याआधी उपटलेलं गवत कंपोस्टच्या खड्ड्यात चालतं. फुललेलं टाकलं तर खताबरोबर बी शेतात जाण्याची भीती.

पानं कुरतडलेली दिसली तर थांबून नीट पाहा. मळकट पांढऱ्या पाठीवर काळसर नागमोडी रेघा असलेला, ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा भुंगेरा दिसेल. हा मेक्सिकन भुंगेरा, झायगोग्रामा. १९८४ मध्ये बंगळूरला तो मुद्दाम सोडला गेला. त्याच्या अळ्या कोवळे शेंडेच खातात, त्यामुळे झाडाला फूल धरता येत नाही. कोरड्या दिवसांत तो मातीत दडून राहतो आणि पावसाबरोबर वर येतो. जिथे तो कामाला लागलाय तिथे फवारा मारू नये, एवढं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

मोकळी केलेली जागा उघडी ठेवली तर गाजर गवत परत येणारच. तिथे टाकळा वाढू द्यावा; तो दाट माजतो आणि त्याच्या सावलीत गाजर गवताची रोपं तग धरत नाहीत. दिवाळीच्या सुमारास टाकळ्याच्या शेंगा वाळतात. बी गोळा करून ठेवायचं आणि पावसाच्या तोंडावर रस्त्याकडेला फेकायचं.