निविदा-वादातील खर्चभरपाई (खानदेश)

शासकीय कामाचा ठेका कोणाला द्यावा या निर्णयाला न्यायालयात आव्हान दिले गेल्यास, त्या प्रकरणापायी एका पक्षाला झालेला वकिली व न्यायालयीन खर्च दुसऱ्या पक्षाकडून वसूल करून देण्याची तरतूद. ठेका दिल्यानंतर देयके, मुदतवाढ किंवा जादा कामावरून उद्‌भवणारे तंटे यात मोडत नाहीत. त्यांत लवादाचा करार असल्यास खर्चाचा निवाडा लवाद व समेट अधिनियम, १९९६ मधील कलम ३१-अ नुसार होतो. हे कलम २०१५ च्या दुरुस्तीने आले.

न्यायालयाच्या आवारात ‘कॉस्ट बसली’ हा प्रयोग दोन वेगळ्या गोष्टींसाठी चालतो. जिंकलेल्याला हरलेल्याकडून मिळणारी रक्कम ही भरपाई. निष्कारण याचिका केली म्हणून विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा एखाद्या निधीत भरायला लावलेली रक्कम हा वस्तुतः दंड. दुसऱ्या प्रकारात जिंकलेल्याच्या हाती छदामही पडत नाही. वृत्तपत्रांतील बातम्यांत हा भेद क्वचितच पाळला जातो.

या तरतुदीचे मूळ मराठेकालीन ‘हरकी’त शोधण्याचा मोह होतो. त्या काळी वादात जिंकणारा सरकारात हरकी भरी आणि हरणारा ‘गुन्हेगारी’ म्हणजे दंड. रक्कम पक्षकाराची ऐपत व वादविषय पाहून ठरे. हरकीचा संबंध ‘हर्ष’ शब्दाशी लावणे अर्थाला जुळते, पण तेवढ्यावरून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. शिवाय दोन्ही रकमा सरकारजमा होत. एका पक्षाची झीज दुसऱ्याने भरून द्यायची ही कल्पना त्यांत नाही. उलट जिंकणाऱ्यालाच पैसे मोजावे लागत. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजी अमलाखाली आला आणि मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीत १८२७ ची नियमसंहिता लागू झाली. हरणाऱ्याने खर्च सोसावा हे तत्त्व या इंग्रजी वळणाने आले असे मानणे अधिक सयुक्तिक. हरकीपेक्षा ‘मक्ता’ हा शब्द मात्र चिवट निघाला. जकात व वसुलीच्या मक्त्यांपासून चालत आलेला हा शब्द जळगाव भागात अजून रुळलेला असून पालिकेच्या ठेकेदाराला तेथे सर्रास मक्तेदार म्हणतात.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ३५ नुसार खर्च निकालामागे जातो, म्हणजे तो हरणाऱ्याने द्यायचा. तसे करायचे नसेल तर न्यायालयाने कारणे लेखी नोंदवावी लागतात. कलम ३५-अ खोट्या किंवा त्रास देण्यासाठी केलेल्या दाव्यांबद्दल भरपाई देते, पण तिची कमाल मर्यादा १९७६ च्या दुरुस्तीनंतरही ३,००० रुपयेच राहिली. वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ ने ठरावीक मूल्याच्या व्यापारी दाव्यांपुरते कलम ३५ नव्याने लिहिले व ही मर्यादाही काढली.

निविदेचे वाद मात्र सहसा या वाटेने जातच नाहीत. ते संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिकेच्या रूपाने उच्च न्यायालयात येतात आणि संहितेच्या कलम १४१ च्या स्पष्टीकरणाने २२६ खालील कार्यवाही वगळली आहे. परिणामी खर्च देणे-न देणे हे न्यायमूर्तींच्या विवेकावर राहते आणि ‘खर्चाबाबत आदेश नाही’ हे आदेशाच्या शेवटचे ठरीव वाक्य बनते. सर्वोच्च न्यायालयाच्या टाटा सेल्युलर प्रकरणापासून (१९९४) न्यायालये निर्णयाचे गुणदोष न पाहता निर्णयाची प्रक्रिया तपासतात. त्यामुळे याचिका फेटाळली जाण्याचा संभव मोठा असतो आणि खर्चाचा प्रश्न बहुतेक वेळा याचिकाकर्त्याच्या अंगावर येतो.

रौनक इंटरनॅशनल प्रकरण (१९९९) महाराष्ट्रातलेच, खापरखेडा औष्णिक वीज केंद्राच्या निविदेवरून उद्‌भवलेले. अंतरिम स्थगिती मागणाऱ्याला, विलंबामुळे वाढणाऱ्या खर्चाबद्दल व प्रतिपक्षाच्या नुकसानीबद्दल योग्य प्रकरणी तारण द्यायला लावावे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले. भरपाईचा विचार येथे वकिली खर्चाच्या पलीकडे, थांबलेल्या कामापर्यंत गेला. युफ्लेक्स प्रकरणात (२०२१) तमिळनाडूतील मद्याच्या बाटल्यांवरील होलोग्रामच्या निविदेचा वाद होता. त्यात न्यायालयाने व्यापारी पक्षकारांच्या झुंजीत खर्च निकालामागे जावा असे सांगून लाखांच्या घरातला प्रत्यक्ष खर्च देवविला.  खानदेशातील रस्ते-पाटबंधाऱ्यांच्या कामांना रौनकचा विचार जवळचा आहे, कारण तेथे खरी झीज हुकलेल्या हंगामाची असते.

निविदा तयार करण्याचा खर्च हा वेगळा विषय आहे. इसारा रक्कम (निविदेसोबत भरलेली अनामत) परत मिळते, फॉर्म फी मिळत नाही. बाधित निविदाकार दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागू शकतो, हे जगदीश मंडल प्रकरणात (२००७) नमूद आहे. पण ही वाट चोखाळणारे विरळा. अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस या संघीय लेखापरीक्षण संस्थेला, निविदाकाराची तक्रार ग्राह्य ठरल्यास वकील फीसह खर्च देण्याची शिफारस करता येते. लघुउद्योग वगळता वकील फीला ताशी १५० डॉलरची मर्यादा आहे. भारतात २०१२ चे सार्वजनिक खरेदी विधेयक लोकसभेबरोबर २०१४ मध्ये व्यपगत झाले.

जळगाव, धुळे व नंदुरबार हे तिन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या (१९८१) कक्षेत येतात. निविदा काढणाऱ्यांत सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषदा, २००३ मध्ये महानगरपालिका झालेली जळगाव व धुळे ही शहरे आणि तापी पाटबंधारे विकास महामंडळ (१९९७, मुख्यालय जळगाव) हे प्रमुख. वादाचा नमुना ठरलेला असतो: तांत्रिक लिफाफ्यात (दराआधी उघडल्या जाणाऱ्या पात्रतेच्या कागदांत) अपात्र, कारण डांबर संयंत्र कामापासून ठरलेल्या अंतरात नाही किंवा अनुभवाचा दाखला अपुरा. दर उघडण्याआधी स्थगिती मिळवायची म्हणून संकेतस्थळावरील अपात्रतेची पाने छापून रातोरात याचिका तयार होते. टंकलेखन, शपथपत्र, स्टॅम्प, झेरॉक्सचे गठ्ठे. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीत, नंबर असला की जळगावचा मक्तेदार पहाटे अजिंठ्याचा घाट चढतो, धुळ्याचा चाळीसगावहून कन्नडचा. नंबर लागला नाही तर पुढची तारीख आणि पुन्हा तोच घाट. नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगावकडील माणसाला मुक्कामच करावा लागतो. ही ये-जा, मुक्काम आणि बुडालेले दिवस खर्चाच्या हिशेबात सहसा धरले जात नाहीत. शासनाची बाजू सरकारी वकील मांडतात, म्हणून शासनाचा मागण्याजोगा खर्चही थोडा. सर्वांत जास्त झीज सोसतो तो एल-वन (सर्वांत कमी दराचा निविदाकार) ठरूनही कार्यारंभ आदेशाविना बसलेला, याचिकेत तिसरा-चौथा प्रतिवादी म्हणून ओढला गेलेला मक्तेदार. त्याने स्वतंत्र वकील दिलेला असतो. खर्च मागायचा तर त्याचे विवरण वकिलाने सुनावणीतच द्यावे लागते, आणि याचिका मागे घेतली गेली की तो प्रश्न बहुधा तेथेच संपतो.