संपन्न देशांतील आरोग्यस्थितीची तुलना

सरासरी आयुर्मान, अर्भक मृत्युदर (हजार जिवंत जन्मांमागे एक वर्षाच्या आतील बालकांचे मृत्यू), रोगनिहाय मृत्यू आणि वेळेवर उपचार झाल्यास टाळता आले असते असे मृत्यू, या मापांवरून उच्च उत्पन्नाच्या देशांची आरोग्यस्थिती ताडून पाहण्याची पद्धती. तिचा मुख्य आधार म्हणजे आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने (स्थापना १९६१, सदस्य ३८) संकलित केलेली आकडेवारी.

या पद्धतीचे जनकत्व सामान्यतः इंग्लंडच्या महानिबंधक कार्यालयातील विल्यम फार यांना दिले जाते. तथापि १८४४ मध्ये इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्याचे सुधारक एडविन चॅडविक यांनी मृत्यूसमयीच्या सरासरी वयावरून निरनिराळ्या वस्त्यांचे आरोग्य जोखण्याचा विचार मांडला, तेव्हा त्याच वर्षी विमागणिती एफ. जी. पी. नीसन यांनी त्यातील दोष उघड केला. ज्या वस्तीत तरुण अधिक, तेथे मृत्यूचे सरासरी वय आपोआपच कमी भरते. म्हणून त्यांनी एका वस्तीचे वयोगटवार मृत्युदर दुसरीच्या वयोरचनेला लावून तुलना केली. वयप्रमाणीकरणाचा, म्हणजे वयोरचनेतील फरक काढून टाकून दर ताडण्याच्या रीतीचा, आरंभ येथून मानणे अधिक सयुक्तिक दिसते. फार यांचे कार्य मृत्यूच्या कारणांच्या वर्गीकरणात अधिक मोलाचे असून मृत्यूच्या कारणांच्या १८९३ च्या बेर्तियाँ यादीमागे आणि पर्यायाने आजच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणामागे त्याची प्रेरणा आहे. प्रमाणीकरण न केल्यास किती फसगत होते, हे जपानवरून कळते : आयुर्मान सुमारे ८४ वर्षे असूनही वृद्धांच्या मोठ्या प्रमाणामुळे तेथील साधा (वयोरचना विचारात न घेता काढलेला) मृत्युदर भारतापेक्षा जास्त आहे.

सर्वाधिक वाद अर्भक मृत्युदराविषयी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९५० च्या व्याख्येप्रमाणे श्वास, हृदयाचे ठोके, नाळेचे स्पंदन किंवा ऐच्छिक स्नायूंची निश्चित हालचाल यांपैकी एकही लक्षण दिसल्यास, गर्भकाल कितीही असो, तो जिवंत जन्म होय. काही युरोपीय देश मात्र २२ आठवडे किंवा ५०० ग्रॅम यांसारखी किमान मर्यादा लावतात. नोंदवहीत हा फरक फार ठळक उमटतो. कोल्हापुरातील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात एखादे बाळ मृतावस्थेत जन्मले, तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाखाली केवळ मृतजन्माचा नमुना क्रमांक ३ भरला जातो; त्याने एकदाच श्वास घेतला असेल, तर जन्माचा नमुना १ आणि मृत्यूचा नमुना २ असे दोन्ही भरावे लागतात आणि मृत्यू अर्भक मृत्युदरात मोजला जातो. शिवाय नोंद घटनास्थळी होते. गगनबावडा, चंदगड किंवा सिंधुदुर्गातून आलेल्या मातेच्या बाळाची नोंद कोल्हापूर शहरातच पडते, त्यामुळे निवासस्थानाचा रकाना न पाहता काढलेला शहराचा दर दिशाभूल करतो.

या व्याख्याभेदावर बोट ठेवून अमेरिकेचा चढा दर हा केवळ मोजणीचा परिणाम असल्याचे काही अभ्यासक म्हणतात. हे मत अंशतःच टिकते. २०१० मध्ये हा दर हजार जिवंत जन्मांमागे अमेरिकेत ६.१, तर फिनलंड व जपानमध्ये २.३ होता, २४ आठवड्यांपूर्वीचे जन्म वगळल्यावर अमेरिकेचा दर ४.२ पर्यंत उतरला, तरी तो तुलनेतील बहुतेक युरोपीय देशांपेक्षा अधिकच राहिला. मुदतपूर्व प्रसूतींचे अधिक प्रमाण आणि पूर्ण दिवसांच्या बाळांचेही अधिक मृत्यू, ही दोन्ही कारणे त्यामागे आहेत. मोजणीतील दोष दुरुस्त केल्यावरही उरणाऱ्या या तफावतीकडे दुर्लक्ष करणे अभ्यासाच्या दृष्टीने गैर आहे, कारण ती खऱ्या मुलांच्या मृत्यूंची आहे. आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के खर्च होत असतानाही २०२१ मध्ये अमेरिकेचे आयुर्मान ७६.४ वर्षे होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००० मध्ये १९१ देशांच्या आरोग्यव्यवस्थांना क्रम दिले, त्यात फ्रान्स पहिला आणि अमेरिका सदतिसावी होती. अनेक देशांची माहिती अनुमानाने भरल्याची टीका झाल्यावर अशी क्रमवारी पुन्हा निघाली नाही. कर्करोगाच्या निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांच्या प्रमाणाची तुलनाही जपून करावी लागते, कारण लवकर निदान झाल्यास मृत्यूची तारीख न बदलताही हे प्रमाण वाढते.

स्वतःच्या प्रकृतीविषयी लोकांनी दिलेल्या उत्तरांची तुलना सर्वांत कच्ची आहे. दीर्घायुषी जपानमध्ये प्रकृती चांगली असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण अमेरिकेपेक्षा बरेच कमी आढळते. अमेरिकेच्या प्रश्नावलीत अनुकूल पर्याय अधिक असणे हे त्याचे एक कारण मानले जाते.