केनियातील काउंटी विकास आराखडा आणि लोकसहभाग

काउंटीच्या, म्हणजे स्वतःचे निवडून आलेले सरकार असलेल्या प्रादेशिक घटकाच्या, आर्थिक विकासासाठी कोणती कामे आधी हाती घ्यायची आणि कोणती मागे ठेवायची, हे रहिवाशांच्या सभांमधून ठरविण्याची केनियातील घटनात्मक पद्धत. 27 ऑगस्ट 2010 रोजी लागू झालेल्या राज्यघटनेने देशात 47 काउंट्या निर्माण केल्या आणि मार्च 2013 च्या निवडणुकांनंतर त्यांची सरकारे कारभार पाहू लागली.

त्याआधी विकासाचे निर्णय मुख्यत्वे नैरोबीत होत. 1983 मध्ये जिल्हा हा ग्रामीण विकासाचा केंद्रबिंदू मानण्याचे धोरण आले. परंतु जिल्हा समित्यांवर नियुक्त अधिकाऱ्यांचाच वरचष्मा राहिला आणि पैशाच्या चाव्या राजधानीतच राहिल्या. नव्या घटनेने हा पाया बदलला. लोकसहभागाला तिने राष्ट्रीय मूल्यांत स्थान दिले आणि केंद्राच्या महसुलापैकी किमान 15 टक्के वाटा काउंट्यांना मिळेल अशी तरतूद केली.

काउंटी सरकार अधिनियम व सार्वजनिक वित्त व्यवस्थापन अधिनियम हे 2012 चे दोन कायदे या पद्धतीचा कणा आहेत. प्रत्येक काउंटीने पाच वर्षांचा एकात्मिक विकास आराखडा करावा, त्यावरून दरवर्षी 1 सप्टेंबरपर्यंत वार्षिक विकास आराखडा काउंटीच्या विधानसभेपुढे ठेवावा आणि नियोजनाच्या चौकटीबाहेर सार्वजनिक पैसा खर्चासाठी मंजूर करू नये, असे ते सांगतात. मध्यम मुदतीत अंदाजपत्रकाचा किमान 30 टक्के भाग विकासकामांवर गेला पाहिजे. राज्यपालांच्या (काउंटी सरकारच्या निवडून आलेल्या प्रमुखांच्या) अध्यक्षतेखालील अंदाजपत्रक व अर्थविषयक मंचात व्यापारी, कामगार, स्त्रिया, अपंग, वृद्ध आणि धार्मिक संस्था यांचे प्रतिनिधीही असतात. न्यायालयांनीही या तरतुदी गांभीर्याने घेतल्या आहेत: पुरेसा लोकसहभाग झाला नाही म्हणून कियाम्बू काउंटीचा कर व शुल्के ठरविणारा 2013 चा वित्त अधिनियम उच्च न्यायालयाने 2014 मध्ये रद्द ठरविला. नोटीस लावून एखादी सभा उरकली की कर्तव्य संपते, हा समज या निकालाने मोडीत काढला.

या पद्धतीचे सर्वांत अभ्यासण्याजोगे उदाहरण म्हणजे आग्नेय केनियातील माकुएनी. वोटे हे मुख्यालय असलेला हा कांबाभाषक, निमकोरडवाहू प्रदेश. पाऊस बेभरवशाचा, नद्या बहुतेक काळ कोरड्या आणि आंबा हे महत्त्वाचे नगदी पीक. 2013 ते 2022 या काळात राज्यपाल असलेले कायद्याचे प्राध्यापक किवुथा किब्वाना यांच्या कारकिर्दीत येथे गाव, गावसमूह, उपप्रभाग, प्रभाग, उपकाउंटी आणि काउंटी अशी सभांची चढती साखळी उभी राहिली. प्रत्येक पातळीवर लोक आपली विकास समिती निवडतात आणि मागण्यांचा क्रम लावतात. तो क्रम पुढच्या पातळीवर इतर गावांच्या मागण्यांशी ताडून पाहिला जातो. या चर्चांतून पाणी वारंवार अग्रक्रमावर आले आणि कोरड्या नदीपात्रांत वाळू अडवून तिच्यात पाणी साठविणारे बंधारे बांधण्याला बळ मिळाले. कांबा समाजात ‘म्वेथ्या’ नावाच्या श्रमगटांची जुनी परंपरा आहे, तेव्हा एकत्र येऊन काम ठरविणे आणि ते तडीस नेणे लोकांना नवे नव्हते. दलालांना पडत्या भावाने आंबा विकावा लागण्याच्या अडचणीवर उपाय म्हणून काउंटीने कालाम्बा येथे फळप्रक्रिया कारखाना उभारला.

माकुएनीचे खरे वेगळेपण मात्र मागणी नोंदवून झाल्यानंतर दिसते. काम मंजूर झाले की लाभधारक आपल्यातून प्रकल्प समिती निवडतात, तिला कामाचा खर्च व मोजमापे दाखविली जातात आणि तिची सही असल्याखेरीज ठेकेदाराचे देयक चुकते करू नये असा दंडक तेथे घालण्यात आला. सूचना मागविण्यापेक्षा हा अधिकार अधिक मोलाचा मानला पाहिजे, कारण त्यामुळे सभेला आलेल्या माणसाला पुढच्या सभेलाही येण्याचे कारण उरते.

निवडून आलेले प्रतिनिधी आणि थेट सभा यांच्यात ताणही निर्माण होतो. माकुएनीतच 2014 मध्ये राज्यपाल व काउंटी विधानसभा यांच्यातील अंदाजपत्रकाचा वाद इतका विकोपाला गेला की, काउंटी सरकार स्थगित करण्याच्या मागणीवर चौकशी आयोग नेमावा लागला. आयोगाने स्थगितीची शिफारस केली. राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा यांनी 2015 मध्ये ती नाकारली.

इतर अडचणी रोजच्या आहेत. अंदाजपत्रकाची कागदपत्रे बहुधा इंग्रजीत व बोजड असतात, तर सभा स्वाहिली किंवा स्थानिक भाषेत चालते. दूरच्या वस्तीवरील स्त्रियांना पाणी भरण्याचे काम सोडून सभेला पोहोचणे कठीण जाते. मग पाण्याविषयी सर्वाधिक जाणणाऱ्या व्यक्तीच चर्चेबाहेर राहतात. पंचवार्षिक आराखड्यात उपलब्ध निधीच्या कितीतरी पट कामे लिहिली जातात, आणि केंद्राकडून हप्ते उशिरा आले की विकासकामे थांबतात, पगार मात्र चालू राहतात. म्हणूनच काही ठिकाणी सभेच्या सुरुवातीलाच प्रभागाच्या वाट्याला येणारी रक्कम जाहीर करतात. ती समोर असली की रस्ता की दवाखाना, हा प्रश्न लोक स्वतःच निकराने हाताळतात.